नुसती टेप

नमुना न लावता नुसत्या पिवळ्या टेपवर मी एक्स-रे सोडले, आणि पडद्यावरच्या ग्राफमध्ये तोच उंचवटा उठला. प्लास्टिकमध्ये आयन घोळके करून बसतात, याचा पुरावा म्हणून चार वर्षं आम्ही जो मिरवला, तोच. तो प्लास्टिकचा नव्हताच. नमुना चिकटवायच्या टेपचा होता.

माझे गाईड गुळवणी सर टाचणीनं दात कोरत होते. त्यांनी ग्राफ पाहिला, टाचणीच्या टोकावरचं न्याहाळलं आणि बोटांनी पुसलं.

"ही फाइल उडव. सोमवारी तुझा पीएचडीचा व्हायवा आहे ना?"

फाइल मीच उडवली.

सोमवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "नुसती टेप तपासली होतीत?"

सर छताकडे बघत बसले.

"हो सर. सपाट रेघ आली," मी म्हणाले. आवाज कापलासुद्धा नाही, याचीच मला किळस आली.

टाळ्या झाल्या. "आजपासून डॉक्टर!" म्हणत सरांनी त्याच बोटांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

मी तो गिळला, आणि फोटोसाठी दुसरा उचलून हसत त्यांना भरवला.