खिडकीकडे पाठ

"मान खाली का? वर बघा की! एरवी दुर्बीण लावून बघत होता," चिटणीस म्हणाला आणि इमारतीची अख्खी सभा खो खो हसली.

घड्याळजीनं मान वर केली नाही. सभेनं आज नको म्हटलं की त्याचं भाड्याचं घर सुटणार होतं. शेजारी बायको खिडकीकडे पाठ करून बसली होती. हल्ली ती कुठंही गेली तरी तशीच बसे.

वर्षापूर्वी समोर राहणाऱ्या मास्तरांना पडद्याआड काच चमकलेली दिसली. ते तरातरा आले, धाडकन दार ढकललं, तर दुर्बीण घड्याळजीच्या हातात! मास्तरांनी त्याची गचांडी धरली. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हापासून तो जिन्यात दिसला की बायका दारं लावून घेत. फार लागायचं त्याला ते.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "पेशंटच्या परवानगीनं बोलतेय. चोरून बघण्याची ही ओढ म्हणजे आजार आहे. लाज काढून तो बरा होत नाही, उपचारांनी होतो. दर गुरुवारी दोघं आलेत, एक खाडा नाही. मोह झाला की वहीत लिहायचं आणि उठून आतल्या खोलीत जायचं, एवढं ठरलेलं. दहा महिन्यांत एकदाही खिडकी गाठलेली नाही."

"पुन्हा होणार नाही कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, नापास झालेल्या पोराला तुम्ही पुन्हा परीक्षेला बसवता ना?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग पहिला हात त्यांचाच वर गेला, आणि बघता बघता सगळ्यांचे.

घर वाचलं! घड्याळजीला हुंदका आवरेना. डॉक्टरीणबाईंनीही हळूच डोळे टिपले.

चिटणिसानं हमीपत्र पुढं सरकवलं. "दुर्बीण पुन्हा घरात येणार नाही, असं लिहिलंय. पेशंटनं इथं सही करायची."

घड्याळजीनं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. बायकोनं ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"तुम्ही नको. वर्षभर पुष्कळ सोसलंत," ती म्हणाली, आणि उठून, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं तिनं स्वतःची सही ठोकली.