कातरचोच

"हलू नका, भावजी," मास्तर ओठांतल्या ओठांत म्हणाले.

कड्याच्या टोकाशी खुरट्या झुडपावर तो बसला होता. विटकरी लाल, चिमणीहून थोराड, चोचीची दोन टोकं कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेली. कातरचोच. उत्तरेच्या जंगलात झाडांना बी धरलं नाही, तरच हा पोटासाठी वाट फुटेल तिकडे निघतो. एरवी वर्षानुवर्षं दर्शन नाही. नऊ वर्षांपूर्वी मास्तरांना तो याच बेटावर दिसला होता, पण फोटो नव्हता. पक्षीमंडळात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली होती. तेव्हापासून दर पानगळीत मास्तर इथे यायचे. बायकोच्या भावाला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून भावजीही यायचे. त्यांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नसे.

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. भावजी दुर्बीण घेऊन कडेकडेने सरकले. त्यांच्या पायाखालच्या मातीला भेग होती. मास्तरांना ती दिसली. हाक तोंडाशी आली, तेवढ्यात पक्ष्याने मान वळवली. हाक तोंडातच राहिली.

माती सुटली. भावजी ओरडलेसुद्धा नाहीत.

नावाडी आणि दोन कोळी दोर लावून खाली उतरले, तोवर सगळं संपलं होतं. "मी लगेच माणसं बोलवायला धावलो," मास्तर सगळ्यांना सांगत होते, "पण होड्यांचा धक्का लांब." डॉक्टर म्हणाले, पडल्यावर थोडा वेळ तरी धुगधुगी असावी. लवकर मदत मिळाली असती तर कदाचित वाचलेही असते, सांगता येत नाही.

आठवड्याने मास्तर ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात नवऱ्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. पक्षीमंडळाने फोटो बघून नोंद मान्य केल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

"त्यांना दिसला ना रे नीट?"

"दिसला, ताई. अगदी समोर होता."

"तेवढंच समाधान." तिने डोळे पुसले. "ते पडले, तेव्हा भुर्रकन उडाला असेल बिचारा."

"छे गं!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "चांगली वीस मिनिटं जागचा हलला नाही."

ताईचे हात थांबले. तिने मान वर केली.

"आणि तू?"