राबावरचा निबंध

साहेबाच्या हातातले कागद कुंडलिकने लगेच ओळखले. गावाचा अर्ज टेबलावर तसाच पडला होता. साहेब वाचत होता तो कुंडलिकने कॉलेजात लिहिलेला इंग्रजी निबंध.

मुरबाडबाहेरच्या आमराईत जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू पडला होता. साहेब विलायतेहून नुकताच आलेला. त्याची मराठीची परीक्षा अजून व्हायची होती आणि मराठी अर्ज वाचून सांगणारा कारकून तापाने फणफणला होता, म्हणून कुंडलिकला आत बोलावलं होतं. कुंडलिकचा बाप राघो आणि गावचे चौघे सकाळपासून तंबूबाहेर उकिडवे बसले होते. यंदा ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडायला बंदी झाली होती. भाताच्या वाफ्यावर फांद्या-पाला पसरून भाजायचा, तो राब. फांद्या नाहीत तर राब कशाचा भाजायचा, आणि राब भाजला नाही तर भाताचं रोप कुठून यायचं? बंदी उठवा, एवढंच त्या अर्जात होतं.

पोराला न सांगता निबंध अर्जाला जोडायची अक्कल राघोची. पोरगा मुंबईला इंटरच्या वर्गात. नाताळच्या सुट्टीत घरी आला तो सांगत आला की, इंग्रजीत माझा पहिला नंबर, आणि निबंध कशावर, तर राबावर! राघोने तीन वाड्यांत ही बातमी पोचवली. निबंधात काय लिहिलंय, ते मात्र त्याने विचारलं नाही. राबाच्या भातावर वाढलेला पोरगा राबाविरुद्ध लिहील, अशी शंका येण्याइतका राघो शिकलेला नव्हता.

साहेबाने शेवटचं पान मिटलं. "उत्तम," तो इंग्रजीत म्हणाला. "इथल्याच माणसाने हे लिहावं, याला फार मोल आहे. बंदी का हवी, ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस. मी हे माझ्या रिपोर्टाला जोडतो."

साहेब हसला ते बाहेरच्यांनी पाहिलं. चौघांतल्या देवजीने राघोला कोपराने ढोसलं.

वर्षाच्या सुरुवातीला प्राध्यापक कुंडलिकला म्हणाले होते, तुझं इंग्रजी चुकत नाही, पण त्याला वजन नाही. वजन त्याला लायब्ररीतल्या एका जुन्या सरकारी अहवालात सापडलं. अडाणी शेतकरी, जंगलाचा संहार, पिढ्यान् पिढ्यांची उधळपट्टी. कसली घडीव वाक्यं होती ती! त्याने ती वेचून घेतली. परक्या भाषेत आपलं म्हणणं मांडता येत नाही, आणि जे मांडता येतं तेच हळूहळू आपलं म्हणणं वाटायला लागतं. तसंच त्याचं झालं. आपण खोटं लिहितोय असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही, याची त्याला आत्ता लाज वाटली.

"सर, हे खरं नाही," तो म्हणाला.

"मग खरं काय?"

कुंडलिकने तोंड उघडलं. शेंडा राखून फांदी कशी तोडायची, तोडल्या जागी पुन्हा पाला कसा फुटतो, शेण, पाला, गवत, माती एकावर एक कशी पसरायची, सगळं त्याच्या हातात होतं. आठव्या वर्षापासून केलेलं काम. पण घरचं काम त्याने इंग्रजीत कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. तीन वाक्यं झाली, चौथ्याला शब्द मिळेना.

साहेब सभ्य होता. तो थांबला, वाट पाहिली, मग म्हणाला, "बोलण्यापेक्षा तुझं लिहिणं खूपच चांगलं आहे."

"माझ्या वडिलांना विचारा सर. ते सांगतील, मी इंग्रजी करतो."

राघो आत आला आणि हात जोडून उभा राहिला. "काय म्हणतो साहेब?"

"बा, सरकारी कागदात लिवलंय, आपण अडाणी हाव. राबापायी रान मारतो." हे अर्धं खरं होतं.

राघो खाली बसला. जमिनीवर बोटाने त्याने एक झाड काढलं. "हा शेंडा. याला आमी हात लावत नाय. लावला तर पुढल्या साली आमीच उपाशी. रान मारून आमी खायाचं काय?"

कुंडलिक एकेक वाक्य इंग्रजीत करत गेला. मोडकंतोडकं, थांबत थांबत. जिथे शब्द नव्हता तिथे त्याने ऐनाला ऐनच म्हटलं आणि राबाला राब. साहेबाने पेन्सिल उचलली. तो लिहून घेऊ लागला.

राघोला जोर चढला. "आन् सांग त्याला, ज्या कुनी तो कागद लिवलाय ना, त्यानं राब कदी भाजला नसंल. नायतर खाल्ल्या घरचे वासे मोजणारा आसंल कुनी!"

कुंडलिकने तेही सांगितलं. ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याच घराचे वासे मोजणारा, असं म्हणाला. एक शब्द गाळला नाही.

साहेबाची पेन्सिल थांबली. त्याने निबंधाखालचं नाव पाहिलं, मग कुंडलिककडे पाहिलं. "हे कुणी लिहिलंय ते तुझ्या वडिलांना ठाऊक नाही का?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"काय इचारतो रे?" राघो म्हणाला. "सांग की."

कुंडलिक बापाच्या समोर खाली बसला.

"बा, तो कागद मी लिवलाय."