उदाहरणातली शालिनी

हरवलेली छत्री. कन्हानचा मामा. लाल सायकल. करपलेलं वांगं.

पहिल्या तिन्ही गोष्टी शालिनीच्या, वांगं मनकर्णाचं. धरमपेठेतल्या घरी, बाहेरच्या खोलीत मनोहरराव मास्तर मॅट्रिकच्या मुलांना इंग्रजी शिकवत. "वाक्यात ‘हर’ (her) आलं की ती कोण, ते नाव मागे शोधा," असं बजावत, आणि उदाहरणाच्या दर वाक्यात ते नाव शालिनीच निघे. आत चुलीपाशी त्यांच्या बायकोचा, मनकर्णाचा, जीव जळे.

शेवटी एकदा जेवायला वाढताना तिने ताट आदळलं. "कोण होय हो हे शालिनी? माह्यं नाव काहून नाही येत तुमच्या एकाही वाक्यात?"

"तोंडात बसलं वं ते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दिवसापासून," मास्तर बोलून गेले.

"म्हणजे लगन माह्यासंगं लावून राहिले होते अन् मनात ते? मी चालली खाप्याले, माह्या बापाकडे!"

मास्तरांनी कोपऱ्यात वाती वळणाऱ्या आईकडे पाहिलं आणि ताट पुढे ओढलं.

*

लग्नात मास्तरांनी तांदळाच्या ताटात अंगठीने याच नवरीचं नवं नाव ‘शालिनी’ लिहिलं होतं; आईने ते गुपचूप पुसून ‘मनकर्णा’ लिहायला लावलं, आणि नवरीला तेव्हा वाचता येत नव्हतं.