नळी निघाल्यावर

अण्णांच्या खुर्चीला लघवीची पिशवी लटकत होती आणि दोन्ही मुलं तिच्यापासून खुर्च्या लांब सरकवून बसली होती. दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. अण्णांना कुणी ठेवायचं यावरून तर बोलणंच बंद होतं. डॉक्टर वाढलेल्या प्रोस्टेटचं चित्र काढून समजावत होते. “लेझरने केलं तर रक्त कमी जातं. दुसऱ्याच दिवशी नळी काढून घरी न्या.” “लगेच?” थोरला दचकला. “आमच्याकडे पाहुणे आहेत.” “आमच्याकडे रंगकाम,” धाकटा म्हणाला. “दुसरी पद्धत नाही का?” “आहे. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढायची. चार दिवस इथेच राहावं लागेल.” “तीच करा,” दोघं एका सुरात म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. अण्णांनी पिशवी जवळ ओढली. “डॉक्टर, पोट उघडून करायचं ऑपरेशन असतं ना?” त्यांनी विचारलं. “त्यात किती दिवस ठेवून घेता?”