मधली खुर्ची

"हा नको हो, मावशी. हाच तर आमच्या घरी आहे. दुसरा एखादा द्या, ज्यात आईचं तोंड तरी दिसेल."

मोठ्या बाईंची मुलगी कँटीनच्या भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर हातमोज्यांच्या कारखान्याचे दर वर्षीचे फोटो ओळीनं टांगलेले होते. मोठ्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. जन्मभर शिवणखातं त्यांच्या धाकात चाललं, आणि लेकीला आईचा कामावरचा एक धड फोटो हवा होता.

जोडीवालीनं दाखवलेला फोटो बाईंच्या निवृत्तीच्या वर्षीचा होता. डाव्या-उजव्या मोज्यांच्या जोड्या लावायची, म्हणून ती जोडीवाली. हे नाव मोठ्या बाईंनीच ठेवलं. त्याआधी खात्यात तिला ज्या नावानं हाक मारायचे ते न सांगितलेलंच बरं. ती समुद्रापलीकडून आलेली, आणि कारखान्यात तिच्या रंगाची ती एकटीच. आता खातं तिच्याच हाताखाली होतं, तरी ते नाव तिला अजून गोड लागायचं.

फोटो मात्र खरोखरच बिघडलेला. सगळ्या बायका पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारख्या पांढऱ्याफटक. मधल्या खुर्चीवर नुसता एक उजेडाचा ठिपका आणि त्याला दोन कानातली. स्पष्ट आली होती ती एकटी मागच्या रांगेच्या टोकाची जोडीवाली. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता.

"आईनं हा पुढच्या खोलीत लावलेला," मुलगी हसत म्हणाली. "'हा माझा सगळ्यात चांगला फोटो,' म्हणायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीची नजर गेली."

जोडीवालीही हसली. मग तिला ते दिवस आठवले. काय थाट असायचा फोटोच्या दिवसाचा! कँटीनची बाकडी अंगणात यायची. इस्त्रीवाल्या मोजे बाजूला सारून सगळ्यांच्या अ‍ॅप्रनांना इस्त्री करायच्या. एकच लिपस्टिक अख्ख्या खात्यात फिरायची आणि शेवटच्या बाईपर्यंत तिचा नुसता वास उरायचा. मालक कवडीचुंबक. वर्षाला एकच फोटो, तोही एकदाच काढायचा. फोटोवाला गोऱ्या चेहऱ्यांवरून कॅमेऱ्याचा उजेड बेतायचा, आणि जोडीवालीच्या जागी मागच्या दाराचा अंधार तेवढा यायचा.

"तू हस गं, म्हणजे दात तरी येतील," पहिल्या वर्षी तो म्हणाला होता. सगळ्या हसल्या. तीही हसली. दुसरं काय करणार?

फोटो ती आईला पाठवायची. मग आईचा फोन यायचा.

"यात तू कुठली गं?"

"मागं बघ. शेवटची."

"तिथं तर कुणीच नाही."

एका वर्षी आई हळूच म्हणाली, "तुला खरंच नोकरी आहे ना? खरं सांग, मी रागवणार नाही." त्या दिवशी जोडीवाली खोक्यांच्या आड बसून रडली. मोठ्या बाईंनी तिला हुडकून काढलं आणि सगळं वदवून घेतलं. "मोजे भिजवू नकोस, मालक पगारातून कापेल," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढचा फोटो बाईंच्या निवृत्तीचा. निवृत्त होणारीला मधली खुर्ची मिळायची, आणि त्या खुर्चीवर बाईंचा केव्हापासून डोळा होता. नवी कॉलर, मोत्याची कानातली, केस बसवून घेतलेले. आणि फोटो आला तो हा असा! बाईंनी फोटोवाल्याला अशा शिव्या घातल्या की मशिनं थांबली. "डोळे आहेत की बटणं?" तो खाली मान घालून उभा. मालक म्हणाला, चौकट आणलीय, टांगा.

जोडीवालीच्या आईचा फोन आला. "दिसलीस गं बाई! किती वाळलीस!" आणि रडायलाच लागली. त्या चुकीला जोडीवाली इतकी वर्षं मनात दुवा देत आली होती. बाईंचं नुकसान ते आपलं भाग्य, म्हणून त्यांच्यापुढे तिनं हा विषय कधी काढला नाही.

आजही फोटोचाच दिवस होता. म्हातारा फोटोवाला अंगणातून चहासाठी आत आला. मुलगी थट्टेनं म्हणाली, "काका, माझ्या आईचा फोटो बिघडवलात ते तुम्हीच ना?"

त्यानं चष्मा वर करून फोटो पाहिला.

"बिघडला नाही, बाळ. सांगितला तसा काढला. तुझी आई आदल्या दिवशी माझ्या दुकानात आली होती. म्हणाली, उजेड जोडीवालीच्या चेहऱ्यावरून बेत. मी म्हटलं, बाई, बाकीच्या सगळ्या पांढऱ्याफटक येतील, आणि खुर्चीवर तर तुम्ही. तर म्हणाली, 'माझं थोबाड मी रोज आरशात बघते. तिच्या आईला तिचं बघायचंय.'"

जोडीवालीनं हातातला कप खाली ठेवला.

"मग त्या शिव्या?"

"त्याही ठरलेल्या. म्हणाली, फोटो आला की तुला चारचौघांत झापणार, निमूट ऐकून घे. नाहीतर बायका त्या पोरीला बोल लावतील." म्हातारा हसला. "झापताना मात्र जरा रंगातच आली होती."

जिला आभाराचा शब्द द्यायचा ती आता नव्हती. जोडीवालीनं पदरासारखं अ‍ॅप्रन डोळ्यांना लावलं, मग स्टुलावर चढून बाईंच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा फोटो उतरवला. त्यात मोठ्या बाई लख्ख दिसत होत्या, कंबरेवर हात, कुणावर तरी ओरडायच्या बेतात.

"हा घेऊन जा, बाळा."

मुलीनं आईकडे बराच वेळ पाहिलं. मग फोटो परत खिळ्याला अडकवला.

"राहू दे, मावशी. आईचा सगळ्यात चांगला फोटो घरी आहेच."