भिंतीकडेची पाथरी

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई रोज सकाळी टोपली घेऊन कुंपणाच्या भिंतीबाहेर वाकायच्या. घरच्या कासवासाठी रानपाला खुडायचा, तोही पारखून. पाथरीची पानं भरपूर, घोळ चिमूटभर, आणि धोतऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. पानाची कड बघितली की बाई डोळे झाकून नाव सांगत.

महिन्यातून एकदा तणनाशक फवारणारा कामगार पाठीवर टाकी घेऊन यायचा. बाई त्याला हटकून चिडवायच्या.

"तुमच्या औषधात काही दम नाही हो! रस्ताभर सगळं जळतं, पण माझ्या भिंतीची पाथरी बघा, आठ वर्षांत हटली नाही. धुवून घालते, कासव ठणठणीत आहे."

"जातच चिवट, बाई," एवढंच बोलून तो पुढच्या घराकडे वळायचा.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याची जागा घेणारी कामगारीण सोबत होती. बाई टोपली घेऊन आत गेल्यावर तो तिला हळूच म्हणाला, "या भिंतीशी यायच्या आधी टाकी तीन पाण्यांनी धुवायची. इथे नुसतं पाणी फवारायचं. औषध पुढच्या वळणावर कालवायचं."

"अहो, पण इथलं तण बघून मुकादम बोलतील ना?"

"आठ वर्षं बोलतायत." त्यानं टाकी उतरवून तिच्या पाठीवर चढवली, पट्टा नीट आवळून दिला. "बोलणी आपण खायची. पाला कासवानं."